हळदीच्या मांडवातले सौम्य बळ

“हात हलका ठेव गो, हौसे. नवऱ्याला हलद लागली पायजे, हात लागला नाय पायजे.”

हा आवाज भामाआत्याचा. पंचावन्न वर्षांपूर्वी वेळखारच्या एका मांडवात, हळदीने माखलेली वाटी नऊ वर्षांच्या हौसाच्या हातात देताना ती हे म्हणाली होती. हात हलका असणे ही शिकावी लागणारी विद्या आहे, हे सर्वमान्य सत्य आहे. ही विद्या राज्यालाही अवगत आहे. राज्य तिला ‘सौम्य बळ’ म्हणते. फरक इतकाच, की हात हलका होता की जड हे ठरवण्याचे काम राज्याने ज्याला तो लागला त्याच्याकडे ठेवलेले नाही; ज्याने लावला त्याच्याकडे ठेवले आहे. ही व्यवस्था योग्यच म्हटली पाहिजे. ज्याला लागते तो पक्षपाती असतो.

हौसाबाई आता चौसष्टीची. वेळखार आणि आसपासच्या सात गावांची ती धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. मुहूर्तमेढीपासून पाठवणीपर्यंत लग्नातला एकेक विधी ती गाण्यातून पुढे नेते. भटजी उशिरा आला तर मंडळी सरबत पितात. धवलारीण उशिरा आली तर देवच मांडवात येत नाहीत, कारण त्यांना नाव घेऊन बोलावणारे दुसरे कोणी नसते. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसते, डोळे मिटते आणि गाते. नाचत नाही. नाचायला सगळे गाव असते. नाचणारी धवलारीण म्हणजे आरती चालू असताना शिट्टी मारणारा पुजारी.

जासईच्या अलीकडे, कंटेनरच्या यार्डांनी तिन्ही बाजूंनी मायेने कवटाळलेले वेळखार. चौथ्या बाजूला खाडी आहे (तिथे यार्ड बांधता येत नाही, अजून). गावातून स्मशानाकडे एकच रस्ता जातो आणि त्यावर कंटेनरचे ट्रेलर उभे असतात. ‘उभे असतात’ हा गावकऱ्यांचा आकसयुक्त शब्द झाला. यार्डाच्या पत्रानुसार ते ‘हालचालीच्या प्रतीक्षेत’ असतात. या प्रतीक्षेचा परिणाम गेल्या वर्षभरातल्या चार अंत्ययात्रांवर झाला. पहिली तिरडी ट्रेलरच्या खालून वाकून नेली. दुसरी कुंपणावरून पलीकडे दिली. तिसरी परत घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, त्यामुळे लांबच्या नातेवाइकांची सोय झाली. चौथी हौसाबाईच्या नवऱ्याची, विठूची. ती दोन ट्रेलरच्या मधल्या फटीत साडेतीन तास उभी होती. विठू हयातीत कोणासाठी दहा मिनिटे थांबल्याची नोंद नाही. ऊन खूप होते. हौसाबाईने पदराने त्याच्या तोंडावर सावली धरली होती, जणू त्याला ऊन लागणार होते.

तेराव्यानंतर गावाने ठरवले, मोर्चा काढायचा. पनवेलला ज्या कार्यालयातल्या साहेबांकडे रस्त्याचा कागद अडला होता (कार्यालयाचे नाव इथे लिहून त्याचे कामाचे ओझे वाढवत नाही) त्याच्या दारात बसायचे. हौसाबाईच्या दिराचा मुलगा महादेव गावचा माजी उपसरपंच. त्याने रीतसर अर्ज केला. तीन अर्ज केले. उत्तरेही तीन आली:

पहिले: वाहतुकीस अडथळा होईल, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.

दुसरे: मान्यवरांचा दौरा अपेक्षित आहे, सबब नाकारण्यात येत आहे. (मान्यवर कोण हे कळवले नव्हते. दौराही झाला नाही. पण अपेक्षा होती.)

तिसरे: पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येण्यास मनाई असल्याने नाकारण्यात येत आहे, तथापि चार व्यक्तींनी मोर्चा काढण्यास हरकत नाही.

महादेव हे तिसरे पत्र वाचत पारावर बसला असताना समोरून कोणाची तरी हळद गेली. पुढे स्पीकरची भिंत लादलेला टेम्पो, मागे चारशे माणसे, त्यामागे दोन तास खोळंबलेली वाहतूक आणि त्या वाहतुकीत पोलिसांची एक गाडी, शांतपणे हॉर्नही न वाजवता. महादेवच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या रस्त्यावर पाच माणसांना बसता येत नाही त्याच रस्त्यावर पाचशे माणसांना नाचता येते, ही आपल्या लोकशाहीची कोवळी बाजू त्याच्या लक्षात आली.

दुसऱ्या दिवशी त्याने चौथा अर्ज केला. विषय: हळदी समारंभासाठी मांडव व ध्वनिक्षेपकाची परवानगी मिळणेबाबत. वर: चि. निकेश. वधू: ठरायची आहे. स्थळ: पनवेल, सदर कार्यालयासमोरील रस्ता. कारण: सीझनमध्ये हॉल मिळत नाही.

परवानगी त्याच संध्याकाळी आली. खाली शेरा होता: ‘वधू निश्चित झाल्यावर कळवावे.’

निकेश हा महादेवचा थोरला. त्याला या बाबतीत कोणी काही विचारले नाही, त्यामुळे हळद खरीच वाटत होती.

हौसाबाईला मात्र महादेवने विचारले. “काकी, धवला तुजाच पायजे. त्याच्याबिगर हलद कोन मानील?”

“नवरी नाय आनि धवला कोनाचा गाऊ?”

“तू देवांना बोलव फक्त. देवांना कुठं नवरी दाखवाची हाय?”

मंगळवारी सकाळी अकराला सत्त्याऐंशी माणसे पिवळे कपडे घालून मांडवात बसली. निकेश पाटावर. पाटासमोर चार किलो हळद. कार्यालयाच्या खिडक्यांतून कर्मचारी कौतुकाने बघत होते. बंदोबस्ताच्या पोलिसांना पोहे दिले. दोघांनी गालाला हळदही लावून घेतली. महादेवची योजना अशी होती, की विधी संपला की नवऱ्याने उठायचे, वरातीसह कार्यालयात शिरायचे आणि साहेबांना अक्षता देता देता निवेदनही द्यायचे. बेत निर्दोष होता. त्यात एकच उणीव राहिली. हौसाबाई धवलारीण होती आणि तिला खोटा धवला येत नव्हता.

धवल्याला क्रम असतो. आधी गावदेवी, मग खाडी, मग शेताची राखणदारीण आणि मग घरातले गेलेले लोक, एकेकाचे नाव घेऊन. आणि नुसते नाव घेऊन भागत नाही. मेलेला माणूस लाजरा असतो. त्याला कोणत्या वाटेने यायचे तेही सांगावे लागते. हौसाबाईने डोळे मिटले. देवी आली. खाडी आली. राखणदारीण आली. मग सवयीने जीभ पुढच्या पायरीवर गेली आणि तिथे विठू उभा होता. निकेशचा चुलत आजोबाच तो, त्याला वगळणार कसे? तिने त्याला बोलावले आणि मग वाट सांगायची वेळ आली.

*कंच्या वाटेनं येशील, माज्या कुंकवाच्या धन्या,*
*तुज्या वाटेवर उब्या लोखंडाच्या गोन्या.*
*सरकव रं सायबा, तुज्या गाड्यांची ही रांग,*
*मेल्या मानसाला उबं किती ठेवू, सांग.*

मग मागे बसलेल्या बायकांनी शेवटची ओळ उचलली. धवल्यात ती उचलायचीच असते. एकदा उचलली, दोनदा उचलली. तिसऱ्यांदा पुरुष उठले. चौथ्यांदा निकेश पाटावरून उठला, आणि हळदीचा नवरा हळद पुरी व्हायच्या आत उठत नाही हे बंदोबस्तातल्या हवालदारालाही ठाऊक होते. त्या क्षणी ओळीची घोषणा झाली. (घोषणेची रूढ व्याख्या: यमक जुळलेले, चारदा म्हटलेले आणि कार्यालयाच्या खिडकीकडे तोंड करून म्हटलेले वाक्य.)

पुढचा तपशील पोलिसांच्या अहवालातून जसाच्या तसा घेतलेला बरा. गावकऱ्यांचे वर्णन भावनिक आहे आणि त्यात रडणे फार.

बळ वापरण्याचा कालावधी: अकरा बेचाळीस ते अकरा एकोणपन्नास. बळाचा प्रकार: सौम्य. वापरलेल्या काठ्या: चौदा. वापरात निकामी झालेल्या काठ्या: तीन (लाकूड जुने होते). सांडलेली हळद: अंदाजे चार किलो. जखमी: निरंक. पडलेले: एकोणीस.

त्या एकोणिसांत हौसाबाई होती. तिने डोक्यावर येणारी काठी अडवायला उजवा हात वर केला होता. हाताची दोन्ही हाडे मोडली. गिरकी खाऊन ती खाली पडली आणि मग तिने तोच हात पुन्हा वर केला. दुसरा हात जमिनीवर होता आणि त्यावर कोणीतरी उभे होते.

सरकारी दवाखान्यात केसपेपरवर ‘दुखापतीचे कारण’ असा रकाना होता. हौसाबाई तोंड उघडणार तोच महादेव पुढे झाला. “हळदीत नाचताना पडली,” तो म्हणाला. डॉक्टरांनी लिहून घेतले. आदल्या बारा जणांचेही तेच लिहिले होते. त्या दिवशी नाचायला जोर होता, असे त्यांचे मत झाले असावे.

बाहेर आल्यावर हौसाबाईने विचारले, “मी नाचली कवा रं, म्हादेव?”

“काकी, जरा समजून घे. मोर्चा होता म्हनलं तं मनाई मोडली म्हनून सगल्यांवर गुन्हा. सत्त्याऐंशी जन. त्यात सुकापूरच्या दोन पोरींची नोकरी लागाची हाय. हलद होती म्हनलं तं सगले सुटले.”

“पन धवलारीन नाचत नाय.”

“आता एक डाव नाचली असं समज. हात तं मोडलाच हाय, कशानं मोडला त्यानं काय तो जुलनार हाय?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. हौसाबाईने तो गळ्यात अडकवलेल्या हातासह घरी नेला. पण पंधरवड्यात तिच्या कानावर येऊ लागले. शेजारच्या गावात एका लग्नाला तिला बोलावले नाही. विचारले तर नवऱ्याची आई हसून म्हणाली, “मावशे, तू आता गात नाय, नाचतंस, असं ऐकलं.” दुसऱ्या लग्नात डीजेवर भागवले. हौसाबाईला काही मोठे नको होते. भरपाई नको, कोणाची नोकरी जायला नको. तिला कागदावर एक ओळ हवी होती: हौसाबाईला मारले. एवढी ओळ मिळाली की ‘नाचताना पडली’ ही ओळ आपोआप खोटी पडणार होती.

वडाळे तलावाजवळ, पहिल्या मजल्यावर ॲडव्होकेट सकीना मुकरी बसतात. त्यांच्या अब्बांचा पनवेलला जुना व्यापार. हौसाबाईच्या सासऱ्याने पिकवलेले मीठ त्याच दुकानात उतरायचे. त्या ओळखीवर हौसाबाई जिना चढली. सकीनाबाईंनी सगळे ऐकून घेतले, परवानगीचा कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“मावशी, अल्लाच्या वास्ते एक गोष्ट लक्षात ठेवा. हळदच होती. आपल्या हातात हा एकच कागद आहे. परवानगी घेतलेल्या हळदीवर काठी चालवली, हा आपला दावा. तुम्ही ‘मोर्चा’ शब्द तोंडातून काढलात की मामला खतम. मग मनाई मोडलेला जमाव, मग त्यावर बळ वापरायचा त्यांना हक्क, आणि वर तुमच्यावरच केस.”

“म्हंजे मारलं म्हनायचं, पन कशाला ते नाय म्हनायचं.”

“बरोबर.”

“आनि नाचले का, असं कोनी विचारलं तं?”

सकीनाबाईंनी चष्मा पुन्हा लावला. “चुप राहायचं.”

याचिका गेली. पोलिसांचे उत्तर आले आणि ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवावे असे होते. त्यात तीनच मुद्दे होते. एक: सदर दिवशी सदर ठिकाणी मोर्चा नव्हता, हळदी समारंभ होता, सबब आंदोलकांवर बळ वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन: वापरलेले बळ सौम्य होते. तीन: ते वापरणे अत्यावश्यक होते. तिन्ही मुद्दे एकाच पानावर होते आणि कोणाचीही दुसऱ्याशी भांडणाची तक्रार नव्हती. घरात तीन जावा अशा नांदल्या असत्या तर पनवेलमधल्या निम्म्या वकिलांना दुसरा धंदा बघावा लागला असता.

आता अडचण अशी झाली, की हळद होती यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले. ज्या खटल्यात वाद नाही तो चालवायचा कसा? शेवटी एक समिती नेमली गेली. तिचे पूर्ण नाव ‘बळ सौम्यता पडताळणी समिती’. सदस्य एक: निवृत्त अधिकारी विनायकराव. सभ्य गृहस्थ. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी कोणावर आवाज चढवला नाही. चढवलेला आवाज ऐकूही आला नाही. त्यांनी पहिल्याच महिन्यात एक कोष्टक तयार केले. चार दिवसांत जाणारा वळ: अतिसौम्य. चार दिवसांत न जाणारा वळ: सौम्य. एक हाड: मध्यम सौम्य. दोन हाडे: पूर्ण सौम्य. त्यापुढची ओळ कोरी होती, कारण त्यापुढच्या माणसांकडून माहिती मिळत नाही.

हौसाबाईची दोन हाडे ‘पूर्ण सौम्य’मध्ये बसली. तिच्या उजव्या हाताला आता तांब्या पेलत नव्हता, हे कोष्टकात कुठे बसत नव्हते.

मधल्या काळात निकेशचे हाल झाले. हळद लागलेला नवरा म्हणून त्याची शासनदरबारी नोंद होती. तीन ठिकाणी मुलगी बघायला गेला तर तिन्हीकडे विचारले, पहिलीचं काय झालं? पोलीस ठाण्यातूनही दर महिन्याला एक पत्र येत होते: ‘वधू निश्चित झाली किंवा कसे, कळवावे.’

आणि मग तो व्हिडिओ आला.

चौदा सेकंदांचा. कोणी काढला ते कळले नाही. त्या दिवशी मांडवात आणि खिडक्यांत मिळून निदान साठ मोबाइल वर होते. (काठी अडवायला वर झालेले हात: एक.) कोणीतरी त्यातला मूळ आवाज काढून ढोलाचा ठेका घातला, वेग कमी केला आणि वर लिहिले: ‘आजी फुल फॉर्मात’. त्यात हौसाबाई पिवळ्या लुगड्यात, डोळे विस्फारलेले, उजवा हात वर घेते, खाली घेते, गिरकी घेते, पुन्हा वर घेते. ठेका अगदी हातावर पडतो. कडेला एक बांबू दिसतो, तो दांडिया वाटतो. चार लाख अकरा हजार लोकांनी तो पाहिला. अडतीस हजारांनी हसरे तोंड टाकले. वाचकांनीही पाहिला असेल. पाहिला नसेल तर न बघताच पुढे पाठवला असेल. निकेशने तो स्टेटसला ठेवला होता. सकीनाबाईंच्या भाचीने, तूबाने, तो सकीनाबाईंनाच पाठवला आणि त्याही, खोटे कशाला बोला, आधी हसल्या. मग त्यांना लुगडे ओळखू आले.

पोलिसांनी हा व्हिडिओ पुरावा म्हणून दाखल केला. सोबतचे टिपण नेमके होते: ‘चार लाख अकरा हजार नागरिकांनी सदर दृश्य पाहिले असून त्यांपैकी एकानेही मारहाणीची तक्रार केलेली नाही. उलट समाधान व्यक्त केले आहे. एवढ्या मोठ्या जनमतापुढे एका महिलेचे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे, याचा विचार व्हावा.’

शेवटची सुनावणी कामोठ्याला झाली. समितीला स्वतःची जागा नव्हती, म्हणून एक मंगल कार्यालय दुपारपुरते घेतले होते. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट अजून उतरवायची होती. विनायकराव मंचावर लाल मखमली खुर्चीत बसले, वराच्या. वधूच्या खुर्चीत फायली होत्या. खाली त्या दिवशीचे सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी लोक साध्या कपड्यांत बसले होते. पिवळे कोणी घातले नव्हते.

दाराशी बंदोबस्ताला एक महिला शिपाई होती. छातीवरच्या पाटीवर ‘मनिषा’ होते. हौसाबाई आत जाताना ती हळूच पुढे झाली.

“मावशी… हात कसा आहे?”

हौसाबाईने तिच्याकडे पाहिले. हा प्रश्न आठ महिन्यांत तिला कोणी विचारला नव्हता. महादेवने केसबद्दल विचारले होते, सकीनाबाईंनी कागदांबद्दल, समितीने हाडांच्या संख्येबद्दल. हौसाबाईने ती हनुवटी, ती भुवईवरची बारीक खूण ओळखली. त्या सात मिनिटांत तिने ती इतक्या जवळून पाहिली होती, की दुसरे कोणी इतक्या जवळून फक्त हळद लावताना पाहते.

“तांब्या पेलवत नाय,” ती म्हणाली.

मनिषाने हौसाबाईसाठी दार उघडून धरले आणि ती आत गेल्यावरही बराच वेळ धरूनच ठेवले.

सुनावणीत आधी महादेवने सांगितले की हळद होती. पोलिसांनी सांगितले की हळद होती. सकीनाबाईंनी हळद होती असे सांगून त्यापुढे चाळीस मिनिटे उत्तम युक्तिवाद केला. विनायकरावांनी सर्वांचे आभार मानले आणि पुराव्यादाखल व्हिडिओ लावायला सांगितला. कार्यालयात लग्नाआधीचे शूटिंग दाखवायला भिंतभर पडदा होता. हौसाबाई त्यावर दीड पुरुष उंच आली. ठेका सुरू झाला. हात वर, खाली, गिरकी, वर.

आधी मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. मग निकेश. मग ते लाटेसारखे पुढे आले. एरवी माणसे समजूतदार होती. पण दृश्य होतेच तसे आणि ठेका तर फारच चांगला होता. महादेव हसला, आपल्या बाजूला फायद्याचे आहे म्हणून हसला असेल. समितीचा लेखनिक हसला. विनायकराव हसू दाबता दाबता हरले आणि रुमालाने डोळे पुसत म्हणाले, “पुन्हा एकदा लावा, तपशील निसटला.” पुन्हा लावले. पुन्हा हसले.

मग विनायकराव हौसाबाईकडे वळले. त्यांचा आवाज खरोखर प्रेमळ होता. “आजीबाई, तुम्हाला जास्त त्रास देत नाही. एकाच शब्दात सांगा. तुम्ही नाचत होता ना?”

सकीनाबाईंनी मान अगदी थोडी हलवली: चुप. महादेवने खालून दोन्ही हात जोडले. सुकापूरच्या दोन मुली एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

हौसाबाई उठली. उजवा हात डाव्या हातात धरून ती मंचाजवळ गेली.

“नाय, सायेब. मी नाचत नव्हती.”

लेखनिकाचे पेन थांबले.

“ते गानं मागनं घातलंय. त्याच्याआदी तिथं माजा आवाज होता. ‘नको मारू गो, हात मोडला’ असं मी वरडतेय. चौदा सेकंदांत तीन डाव. तोंड बगा, कलंल.” ती मंचाकडे आणखी एक पाऊल सरकली. “आठ महिने बोलली नाय. म्हादेव बोलला गप ऱ्हा, वकीलबाय बोलली गप ऱ्हा. त्यांचं बरोबर हाय. ही सगली हलदीलाच आल्ती, त्यांना सोडा. मोर्चाला मी आल्ती. एकलीच. माज्या घरधन्याला उनात उबा ठेवला ते सांगाला. मनाई पाच मानसांची हाय ना, सायेब? मी एक हाय. लिवा.”

विनायकरावांनी कोष्टक चाळले. एका माणसाच्या मोर्चाला त्यात रकाना नव्हता. सकीनाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग समितीच्या अध्यक्षांना साजेशा गांभीर्याने विनायकरावांनी विचारले, “ठीक आहे. मग मारले कोणी? ओळखता?”

दाराशी मनिषा ताठ उभी राहिली.

“वलकते,” हौसाबाई म्हणाली. “नाव सांगीन. आज ना उद्या सांगीनच, कागदावर ते बी पायजे. पन तिचं सोपं हाय, सायेब. तिला हुकूम होता. आनि तिनं मना इचारलं तरी, हात कसा हाय.” मग ती वळली. पडद्याकडे तिची पाठ झाली. पडद्यावर तिचा हात वर गेलेला, तसाच गोठला होता. समोर वेळखार होते, लेखनिक होता, वकील होत्या, आणि त्या भिंतीपलीकडे कुठेतरी चार लाख अकरा हजार माणसे होती, नंतर कधीतरी हे सगळे ऐकून किंवा वाचून गालातल्या गालात हसणारी.

“तुमी हसलाव ते कोनाच्या हुकमानं?”